शेवटच्यानं पाणी भरायचं

ईटा भावाची राख आणायला निघाली तेव्हा तिच्या हातात बाजाराची पिशवी होती. घरात दुसरं काही धड सापडलं नाही. जाड कापडाची, कांदे-बटाटे आणायची ती पिशवी तिनं उलटी करून झटकली, कोपऱ्यातली माती काढली आणि जिना उतरून गल्लीत आली.

कोपऱ्यावर रेमेदिओसचं तळलेल्या माशांचं दुकान. दुपार व्हायची होती, तरी कढईतून धूर निघत होता.

"ही पिशवी?" रेमेदिओस म्हणाली. "फादरना कांद्यांबरोबर आणणार आहेस काय?"

"त्याला चाललं असतं."

"चाललं असतं कसलं, वाटेत दोन लिंबंही घे म्हणाले असते." ती हसली आणि मग कमरेच्या फडक्यानं डोळे पुसत म्हणाली, "धूर फार होतो हल्ली."

फादर फिंटन हा ईटाचा धाकटा भाऊ. स्पेनच्या कादिझ बंदरातल्या आयरिश चर्चचा शेवटचा धर्मगुरू. त्याचं घर सांभाळायला म्हणून ईटा तरुणपणी आयर्लंडहून इथं आली, शाळेत इंग्रजी शिकवू लागली आणि इथलीच झाली. सगळा मोहल्ला तिला बाई म्हणायचा.

हे आयरिश चर्च म्हणजे जुन्या गावात दोन घरांच्या मधे अंग चोरून उभी असलेली एक अरुंद इमारत. ज्यांच्या जमिनी इंग्रजांनी काढून घेतल्या, ज्यांना आपल्याच देशात आपली प्रार्थना उघड म्हणता येईना, त्यांनी समुद्र ओलांडून इथं येऊन ती बांधली. पैसा दारूच्या व्यापाऱ्यांनी दिला. त्यांच्या जहाजांतून दारूखेरीज आणखी काय गेलं, कोणाला साखळ्या घालून नेलं, ते दारावरच्या संगमरवरी पाटीवर लिहिलेलं नाही. पाटीवर त्यांची नावं आहेत, बस्स. खलाशी, फौजेतून पळालेले शिपाई, श्रीमंतांच्या पोरांना इंग्रजी शिकवता शिकवता म्हाताऱ्या झालेल्या बायका, यांची नावं कुठंच नाहीत. ते फरशीखाली आहेत. प्रार्थनेला गावात चर्चं रग्गड होती. परक्या मुलखात मेलेल्या आपल्या माणसाला आपल्या बोलीतल्या दोन शब्दांनिशी मातीआड करता यावं, एवढ्यासाठी हे बांधलं होतं.

आणि आता ते विकलं होतं. विकलं असं म्हणायचं नाही. मायदेशातल्या ज्या न्यासाच्या नावावर ती इमारत होती, त्यानं ती 'दीर्घ मुदतीनं हस्तांतरित' केली होती, एका हॉटेलवाल्याला. तळघर 'सन्मानपूर्वक बंद' करणार होते. ज्या न्यासाच्या एकाही सभासदानं त्या तळघराची पायरी कधी उतरली नव्हती, त्यानं सन्मानाची भाषा करावी, याचं फिंटनला हसू यायचं आणि ईटाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मरियामातेच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी किल्ली द्यायची होती. म्हणजे आजच. त्याआधी कोणाला तळघरात ठेवायचं असेल त्यानं ठेवावं, त्यानंतर कायमचं बंद.

फिंटन त्याच आठवड्यात गेला.

जायच्या आधी एका दुपारी तो उशीला टेकून बसला होता. बाहेर सगळं गाव खिडक्या लावून झोपलेलं. खिडकीखालून, चर्चच्या चौकातून, नेहमीचा आवाज येत होता. बादलीची कडी आधी किणकिणायची. मग टाक्यात बादली बुडाल्याचा जड डुबुक. मग ओल्या तळव्यांची चाल, चौकातून तळघराच्या जिन्याकडे.

"मिस किनॅन," फिंटन म्हणाला. "बिचारी. दमत कशी नाही?"

मिस किनॅन ही तळघरात ठेवलेली शेवटची आयरिश बाई. ईटा इथं येण्याच्या कितीतरी आधीची. नंतर मेलेले सगळे विमानानं घरी गेले. कोणाला पेटीतून नेलं, कोणाला डब्यातून. आयर्लंडात खेड्यापाड्यांत अजून म्हातारी माणसं सांगतात, मेलेला जीव शुद्ध होईपर्यंत त्याला फार तहान लागते, आणि त्या सगळ्या तहानलेल्यांना पाणी आणून द्यायचं काम स्मशानात सगळ्यात शेवटी आलेल्याचं. पुढचा येईपर्यंत त्याची सुटका नाही. एकाच दिवशी दोन प्रेतयात्रा निघाल्या की तिकडे लोक खांद्यावर पेटी घेऊन पळत सुटायचे, आपला माणूस आधी आत जावा म्हणून. भिंतीवरून पेट्या पलीकडे टाकल्याच्याही गोष्टी आहेत.

"आता मी भरेन," फिंटन म्हणाला. "त्या म्हातारीला सुट्टी."

"तुझ्यामागून कोणी यायचं नाहीये, फिंटन. कुलूप लागणार आहे. कायमचं भरत बसशील."

"कोणीतरी भरायला हवंच ना?"

"गुडघे बघ स्वतःचे."

"तिकडे गुडघे नसतात गं."

तो हसला, आणि तिला त्या हसण्याचा राग आला. जन्मभर त्यानं दुसऱ्यांचंच केलं. आजारी खलाशी, तुरुंगातली पोरं, मध्यरात्री दार वाजवणारे दारुडे. मेल्यावर तरी त्यानं पाय लांब करून पडावं, एवढंच तिला हवं होतं. दुसरं काही नाही.

विद्युतदाहिनीच्या बाकावर माजेला हेशन बसली होती. बंदरावर बार चालवणाऱ्या डिनी हेशनची मुलगी. वडील गेले म्हणून आयर्लंडातल्या गॉलवेहून आली होती. डिनी आणि फिंटन दर रविवारी पत्ते कुटायचे, आणि डिनी फिंटनच्या दुसऱ्याच दिवशी गेला.

"बाई, फादरना आजच ठेवणार?"

"आजच. संध्याकाळी किल्ली जाणार."

"पप्पांनाही आजच ठेवायचंय."

दोघी समोरच्या भिंतीकडे बघत बसल्या. भिंतीवर काहीही नव्हतं.

"ते शेवटच्याचं..." माजेला म्हणाली. "पप्पांनी सांगितलं होतं मला. घाबरायचे हो ते. एवढा धिप्पाड माणूस."

"जुन्या समजुती असतात, माजेला. आपण शिकलेल्या बायका."

"मग तुम्ही मागून या."

ईटा खिडकीकडे बघू लागली.

खिडकीतून हेशनचं नाव आधी पुकारलं गेलं. माजेलानं कलश घेतला, ईटाकडे बघून मान झुकवली, शांतपणे दरवाज्यापर्यंत गेली. काचेतून ईटाला दिसलं, दरवाज्याबाहेर पडल्याबरोबर ती पळत सुटली.

ईटाला टॅक्सी मिळाली नाही. बस मिळाली, ती समुद्राच्या कडेनं रखडत आली. मांडीवरच्या पिशवीत फिंटन होता, आणि प्रत्येक थांब्यावर ईटा पिशवीचे बंद आवळत होती. ती गल्लीत पोचली तेव्हा सगळं गाव जेवून आडवं झालं होतं. खिडक्यांच्या फळ्या बंद, कुत्रीसुद्धा सावलीला. उन्हाचा एक पांढरा आवाज असतो, तेवढाच कानांत. चर्चच्या पायरीवर माजेला बसली होती, लालबुंद, मांडीवर कलश.

"किल्ली तुमच्याकडे," ती म्हणाली.

"माझ्याचकडे."

"मी दारातून हलणार नाही."

"मी तुला ओलांडून जाईन."

"जा की. पडलात तर दोघंही सांडाल."

आणि तेव्हा आतून आवाज आला. कडी किणकिणली. डुबुक. मग ती चाल, सावकाश, एक पाय जरा घासत. दाराच्या अगदी पलीकडून गेली. जाताना पाणी हिंदकळलं आणि दाराच्या फटीतून गार, शेवाळी वास बाहेर आला.

माजेलाचा रंग उतरला. "कोण आहे आत?"

"मिस किनॅन."

"बाई, दाराला तर कुलूप..."

ईटा तिच्या शेजारी पायरीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली. दोन म्हातारे, दोन मांड्यांवर. मग ती म्हणाली, "बरोबर ठेवू. एकाच कोनाड्यात, एकाच क्षणी. मग शेवटचा कोणीच नाही."

"असं चालतं?"

"चालत नाही असं कोणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही."

संध्याकाळी तळघरात तसंच केलं. शेजारच्या चर्चचा एक स्पॅनिश पाद्री उसना आणला होता. त्यानं प्रार्थना म्हटली. मग दोघींनी दोन्ही कलश चार हातांत धरले, ईटानं आपल्या बोलीत तीनपर्यंत मोजलं आणि कलश एकदमच कोनाड्यात टेकले. तिनं कान देऊन ऐकलं. आवाज एकच झाला. गवंड्यानं फरशी बसवून चुना भरला.

त्याच वेळी वर चौकात कोणीतरी बादली खाली ठेवली. टाकली नाही. दमलेलं माणूस ठेवतं तशी, सावकाश, आणि मग कडी एका बाजूला पडल्याचा आवाज.

"वर कोण आहे?" पाद्र्यानं विचारलं.

"आता कोणी नाही," ईटा म्हणाली.

बाहेर न्यासाचा माणूस उभा होता, इस्त्रीच्या शर्टातला गोड बोलणारा तरुण. त्यानं किल्ली घेतली, सहानुभूती व्यक्त केली आणि घड्याळ बघितलं. माजेला त्याच रात्रीच्या विमानानं गेली. जाताना ईटाला मिठी मारून म्हणाली, "जिंकलो आपण, बाई."

पहिले काही दिवस ईटाला झोप छान लागली. दुपारी चौकातून काही ऐकू येत नव्हतं. जन्मभराचा तो आवाज नाहीसा झाल्यावर शांतता कानाला टोचते खरी, पण ती शांतता म्हणजे फिंटनचे लांब केलेले पाय, असं ती स्वतःला सांगायची.

मग उशाशी भरून ठेवलेला पेला सकाळी रिकामा सापडू लागला.

आपणच प्यायलो असू, असं तिला वाटलं. मग फुलदाणीतलं पाणी गेलं. मग चुलीवरच्या किटलीतलं. एका दुपारी तिनं वाडगा भरून टेबलावर ठेवला आणि समोर बसून राहिली. वाडगा हलला नाही. पाणी खाली गेलं, बोटभर, मग आणखी बोटभर. वाडग्याचा तळ दिसला आणि तो कोरडा होता. ओलसरसुद्धा नव्हता.

ती चपला न घालता गल्लीत आली. तापलेल्या दगडांवरून चर्चपर्यंत गेली आणि किल्लीच्या भोकाला कान लावला.

आत बोलणं नव्हतं. रडणं नव्हतं. कोरड्या टाळ्याला चिकटलेली जीभ सुटते ना, तसा बारीक, चिकट आवाज... आणि तसाच दुसरा... आणि मग खालपासून वरपर्यंत सगळीकडून. किती जण, कोण मोजणार. व्यापारी, खलाशी, त्या बायका. मिस किनॅन सुटली होती आणि तिची बादली उचलायला कोणी उरलं नव्हतं. ईटानं शेवटचा माणूसच ठेवला नव्हता.

"फिंटन," ती भोकातून हळूच म्हणाली.

ते सगळे आवाज थांबले. मग अगदी जवळून, दाराच्या पलीकडून, एकच आवाज... टक्... जीभ सुटल्याचा.

तिनं घरून बादली आणली आणि उंबऱ्यावर ओतली. दगडानं पाणी पिऊन टाकलं. वाहिलं नाही, पसरलं नाही. पेला पालथा घातल्यावर टिपकागद शोषून घेतो तसं.

त्या दिवसापासून रोज दुपारी ईटा पाणी वाहू लागली. गुडघे तिचेही काही बरे नव्हते. एका बादलीनं भागेना. दोन खेपा, मग आणखी. दुकानाच्या फळीआडून रेमेदिओस बघायची.

"ईटा, दगड धुऊन फादर परत येणार आहेत का? चल, दोन घास खा."

"तू ओतून बघ एकदा."

रेमेदिओसनं गंमत म्हणूनही ओतलं नाही. मग त्या उसन्या पाद्र्याला ईटानं बोलावलं. त्यानं मंतरलेलं पाणी आणलं, प्रार्थना म्हणत उंबऱ्यावर शिंपडलं. ते सरळ ओघळून गटारात गेलं. ईटानं तिथंच आपली बादली ओतली, आणि दगड प्यायला. पाद्री काही वेळ बघत राहिला आणि मग त्याला कुठंतरी जायचं होतं. आपल्या माणसाच्या हातचंच त्यांना चालत होतं. हे चर्च नेहमी तसंच होतं. परक्याला दारातून परत पाठवत आलेलं.

तिनं न्यासाला फोन केला. कोनाडा उघडू द्या, दोन्हीतला एक कलश बाहेर काढून पुन्हा ठेवायचा आहे, एवढंच मागितलं. त्या तरुणानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"कोणता कलश, मॅडम?"

"माझ्या भावाचा. तो नंतर ठेवायचा आहे. तो तयार होता. मीच..."

"तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. पण तळघर आता पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय उघडता येत नाही, आणि इमारत आमच्या ताब्यात राहिलेली नाही."

"मग कोणाच्या ताब्यात आहे?"

"ते मला बघावं लागेल."

हॉटेलवाल्यानं सांगितलं, तळघर न्यासाकडे आहे. पुरातत्त्व खात्यानं सांगितलं, अर्ज मालकानं करावा. तीनशे वर्षं माणसं पोटात घेतलेल्या त्या जागेला आता मालक कोण, हे सांगायला एकही जिवंत माणूस तयार नव्हता. ईटानं फोन ठेवला. खिडकीतल्या झाडाचं पान न् पान कुरकुरीत झालं होतं.

माजेलाचा फोन आला तो एका दुपारी. आवाज इतका हळू की ईटाला कान दाबून धरावा लागला.

"बाई... तिकडे कसं आहे?"

"इकडे ऊन आहे."

"इकडे पाऊस आहे. सारखा पाऊस. आणि माझ्या घरात... पिंपं भरून ठेवते मी, बाई... आपण काय केलं?"

"तू येशील? दोघी मिळून वाहू."

तारेत पावसाचा आवाज.

"मी नाही येणार," माजेला म्हणाली. "पप्पा दारात उभे असले तर... मी नाही येऊ शकत." आणि तिनं पुन्हा कधी फोन उचलला नाही.

सप्टेंबरच्या पूर्वेच्या वाऱ्यात ईटा पडली. भरलेली बादली घेऊन जिन्यावरूनच कोसळली. हाड मोडलं नाही, पण पाय उचलेना आणि अंगात ताप भरला. दुपार झाली तशी ती खाटेवर तळमळायला लागली. भरलेला तांब्या रेमेदिओसनं तिच्या ओठांना लावला, तर ईटाच्या तोंडात जाईपर्यंत त्यात काही उरलं नव्हतं.

रेमेदिओसनं तांब्याकडे बघितलं. तो उलटा केला. पहिल्यांदाच तिला काही विनोद सुचला नाही.

"मी जाऊन येते," ती म्हणाली.

"तुझ्या हातचं ते घेत नाहीत, रेमे. तू त्यांची नव्हेस."

"घेऊ देत नाहीतर न घेऊ देत. तू पडून राहा."

खिडकीतून ईटाला तिची चाल ऐकू आली. कडीचा आवाज गल्लीभर घुमला. मग काही नाही. बाहेर वारा सुटला होता आणि सगळ्या गावाच्या खिडक्यांच्या फळ्या एकाच तालात थडथडत होत्या.

रेमेदिओस परत आली ती भिंतीला हात लावत. बादली तिनं खाटेजवळ ठेवली, स्वतः खाली फरशीवर बसली आणि फडक्यानं हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

"आतून बोलले," ती म्हणाली. "फादरच होते. आवाज पार बसलाय गं त्यांचा... पण तेच. रेमे, म्हणाले."

"काय म्हणाला?"

"तू कशी आहेस ते नाही विचारलं. मला वाटलं विचारतील. म्हणाले, रेमे, तुझी आजी कुठली?"

ईटानं तिच्याकडे बघितलं.

"मी सांगितलं, कादिझची. आजी कादिझची, तिची आई कादिझची, आमच्यात कोणी गावाबाहेरच्या पुलापलीकडे गेलेलं नाही. खरंच सांगितलं, ईटा. मग गप्प झाले. मग मी पाणी ओतलं आणि ते सगळं वाहून गेलं, गटारात, तू म्हणाली होतीस तसंच. मला बरं वाटलं. मी निघाले."

"मग?"

"मग काही नाही." रेमेदिओसनं बादली दोन्ही हातांनी पुढे सरकवली. "दुसरी खेप केली मी. माहीत नाही का. घरी जायचं सोडून नळावर गेले, काठोकाठ भरली, परत गेले... पाय आपोआपच गेले. आणि ही बघ."

ईटा कोपरावर उठून वाकली. बादली अर्धी होती.

"मी ओतलीच नव्हती गं अजून," रेमेदिओस म्हणाली.